४० हजारांचं पॅकेज घ्यावं का?

«आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे, डोंगरातल्या वाडीवर. पहिली ते चौथी, पट २३. चारही वर्गांचं इंग्रजी माझ्याकडे आहे. लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आहे, नेट माझ्याच मोबाइलचं, तेही पटांगणाच्या एका कोपऱ्यात मिळतं. यंदा वाडीतली चार मुलं तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने पुन्हा वर्गणी काढून ४० हजार जमवलेत आणि एका कंपनीचा माणूस ‘इंग्लिश स्पीकिंग’चं पॅकेज दाखवून गेलाय. इकडे शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज इंग्रजीच्या इतक्या लिंका येतात की उघडायलाही वेळ नसतो. यातलं नेमकं काय वापरू? आणि खरं सांगायचं तर माझेच उच्चार धड नाहीत. पोरांना चुकीचं शिकवीन अशी धास्ती वाटते.»

नमस्कार बाई,

आधी पैशांचं बोलू, कारण कंपनीचा माणूस पुन्हा येणार आणि समिती तुमच्याकडे बघणार. माझं मत, पॅकेज घेऊ नका. तुम्हाला दाखवलेलं नेमकं पॅकेज मी पाहिलेलं नाही, पण अशा पेटीत सहसा काय असतं ते पुष्कळदा पाहिलंय. बालगीतं, हलती-बोलती अक्षरं, फळाफुलांची नावं, शेवटी प्रश्नमंजूषा. हे सगळं फुकट मिळतं आणि बहुतेक वेळा जास्त चांगलं मिळतं.

समितीला थेट नाही म्हणणं अवघड जाईल. मग त्या माणसाला सगळ्यांसमोर तीन गोष्टी विचारा. नेट नसताना हे चालतं का? वर्षभराने पुन्हा पैसे भरावे लागतात का? आणि आमच्या दुसरीच्या मुलांवर आत्ता, इथेच, अर्धा तास घेऊन दाखवता का? तिसऱ्या प्रश्नाला तो तयार झाला तर तुम्ही मागे बसा आणि त्या अर्ध्या तासात मुलांच्या तोंडून किती इंग्रजी निघालं तेवढंच टिपा.

जमलेल्या पैशांतून एक बऱ्यापैकी ब्लूटूथ स्पीकर घ्या, दोन पेनड्राइव्ह घ्या आणि उरलेले पैसे रंगीत छपाई आणि लॅमिनेशनसाठी ठेवा. स्पीकर मी मुद्दाम पहिला लिहिला. टीव्हीचा आवाज मागच्या रांगेत फुटतो, ‘टी’ आणि ‘डी’तला फरक कळत नाही, आणि मग आपण म्हणतो मुलांचं लक्ष नाही.

आता लिंकांबद्दल. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. तेव्हा खेड्यातल्या शिक्षकाकडे पुस्तक आणि फार तर एखादी कॅसेट असायची. आज अडचण उलटी आहे, साधनं इतकी की निवडता निवडता तास संपतो. तुमच्या वर्गाला दोनच गोष्टी भरपूर हव्यात. मुलांना अर्थ लागेल असं सोपं इंग्रजी कानावर पडणं आणि छोटी छोटी सचित्र पुस्तकं हातात पडणं. जी लिंक या दोन्हींपैकी काहीच देत नाही ती कितीही चकचकीत असो, पुढे ढकला. हा नियम लावला की नव्वद टक्के लिंका गळतात.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं ठिकाण म्हणजे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. प्रथम बुक्स या संस्थेने ते २०१५ साली सुरू केलं. तीनशेहून जास्त भाषांतली मुलांची चित्रपुस्तकं तिथे आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भरपूर. पुस्तकांना चार पातळ्या दिल्यात. पहिल्या पातळीचं पुस्तक अडीचशे शब्दांच्या आतलं, एका पानावर एखाददुसरं वाक्य आणि मोठं चित्र. तुमच्या चौथीलासुद्धा सुरुवात पहिल्या पातळीनेच करा, लाज वाटू देऊ नका. शोधताना भाषा इंग्रजी, पातळी एक, एवढं निवडलं की यादी येते. काही पुस्तकांना ‘रीडअलाँग’ची सोय आहे, म्हणजे गोष्ट वाचून दाखवली जाते आणि वाचला जाणारा शब्द पानावर रंगतो. नाव नोंदवलं की पुस्तक पीडीएफमध्ये उतरवता येतं.

ही पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव ठेवून ती छापा, वाटा, भिंतीवर लावा, कुणी अडवणार नाही. ग्रुपवर फिरणाऱ्या निम्म्या पीडीएफ कुणाच्या तरी पुस्तकाच्या चोरलेल्या प्रती असतात, त्या शाळेच्या पैशाने छापून घेण्यापेक्षा हे बरं.

आणखी एक सोय तुमच्यासारख्यांच्या फार कामाची. बऱ्याच इंग्रजी पुस्तकांची तीच गोष्ट त्याच चित्रांसह मराठीतही असते. सोमवारी मराठी गोष्ट सांगा, वाचा, मुलांना त्यावर बोलू द्या. मंगळवारी तीच चित्रं टीव्हीवर, पण भाषा इंग्रजी. गोष्ट माहीत असल्यामुळे मुलं अर्थाशी झगडत बसत नाहीत, कान नुसता शब्दांकडे राहतो. बुधवारी पुन्हा वाचताना एखाद्या वाक्यात मधेच थांबा, उरलेला शब्द मुलं ओरडून सांगतील. पहिल्या पातळीच्या गोष्टींत तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, ‘द कॅट इज अंडर द टेबल’, ‘द कॅट इज ऑन द टेबल’ या थाटाचं, त्यामुळे तिसऱ्या वाचनापर्यंत वर्ग तुमच्या पुढे पळतो. गुरुवारी छापलेली पानं क्रम विस्कटून वाटा आणि मुलांनाच लावू द्या, चौथीवाले वाक्यं लावतील, पहिलीवाले चित्रं. शुक्रवारी मांजराच्या जागी वर्गातलं कुणीतरी घाला. ‘रोहन इज अंडर द टेबल’ म्हटल्यावर रोहनला खरंच टेबलाखाली जावं लागतं, आणि त्या दिवशी टेबलाखाली जायला रांग लागते.

एका आठवड्याला एकच गोष्ट. हे वाचताना तुम्हाला कमी वाटेल. पण वर्षभरात तीसेक पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचून झालेलं मूल आणि रोज नवा व्हिडिओ पाहिलेलं मूल यांत मी पहिल्यावर पैज लावीन. छापलेली पुस्तकं लॅमिनेट करून दोरीवर टांगा, मधल्या सुट्टीत मुलं आपणहून काढतात. पहिलीच्या एकाने पुस्तक उलटं धरून चौथीच्या ताईला ‘वाचून’ दाखवलं तर रागवू नका, तेही वाचनच आहे.

गोष्टी पडद्यावर हव्या असतील तर यूट्यूबवर बुकबॉक्स आहे. तिथल्या गोष्टींत खाली ओळी येतात आणि बोलला जाणारा शब्द त्याच क्षणी रंगतो. सिनेमातल्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी दिल्या तर लोकांचं वाचन सुधारतं, या कल्पनेवर अहमदाबादच्या आयआयएममध्ये १९९०च्या दशकात काम सुरू झालं, बुकबॉक्स हे त्याच घरातलं भावंड. वर्गात मात्र यूट्यूब नेटवरून थेट लावू नका. मधेच मुलांना दाखवू नये अशी एखादी जाहिरात येते, आणि गोष्ट संपली की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तो कुठला असेल ते देवालाच ठाऊक. नेट असेल तिथे आधी उतरवून घ्या. उतरवायची परवानगी नसलेला व्हिडिओ सोडून द्या, दुसरे पुष्कळ आहेत.

गाण्यांसाठी ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश किड्स. गाणी, छोट्या गोष्टी, आणि प्रत्येकाबरोबर छापता येईल असा सरावकागद उत्तरांसकट मिळतो, शिवाय कापून-चिकटवून करायच्या वस्तूंचा वेगळा विभाग आहे. तिथला मजकूर विलायतेतल्या मुलांच्या जगाकडे झुकलेला आहे, बर्फ, कोट आणि नाताळ खूप. प्राणी, शरीराचे अवयव, रंग, वाहनं यांची गाणी निवडा, ती वाडीवरही चालतात. गाणं बसून ऐकवू नका. हेड म्हटलं की डोकं, टर्न म्हटलं की गिरकी. ऐकलेल्या सूचनेला आधी शरीराने उत्तर द्यायचं, तोंडाने नंतर, ही पद्धत जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडली, आणि लाजाळू मुलांसाठी तिच्याइतकं सोपं दुसरं काही मला माहीत नाही. पहिले काही आठवडे मूल नुसतं उड्या मारतंय, बोलत नाहीये, तरी शिकतंय.

आपल्या घरचं साधन आपण विसरतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. इंग्रजीच्या पुस्तकाची चित्रपानं पेनड्राइव्हवरून टीव्हीवर मोठी करून लावा. पुस्तकातलं तेच बाजाराचं चित्र पडदाभर झालं की मुलांना त्यात नव्या गोष्टी दिसतात. शब्द कागदाने झाका आणि ‘व्हॉट कॅन यू सी?’ एवढंच विचारत राहा. टीव्ही घेऊन झाल्यावर त्याचा याहून स्वस्त उपयोग नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे दीक्षा आहे, २०१७ पासून चालू असलेलं केंद्र सरकारचं व्यासपीठ. तिथला दर्जा खाली-वर आहे. काही व्हिडिओ छान, काहींत एक सर फळ्यासमोर उभे राहून धडा मराठीत समजावतात, आणि ते काम तुम्ही त्यांच्याहून चांगलं करता. आधी स्वतः पाहा, मग लावा.

फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याचं, पीक सध्या जोरात आहे. अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज वेगळा, ‘एस’ हे नाव आणि ‘स्’ हा आवाज, ही गोष्ट मुलांना लवकर कळली तर ‘सी ए टी कॅट’ची घोकंपट्टी सुटते, म्हणून फोनिक्स करावंच. जॉली फोनिक्स या प्रसिद्ध पद्धतीत ४२ आवाज गटागटाने शिकवतात आणि पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरं येतात. एबीसीच्या क्रमाने न जाता हीच का, तर एवढ्या सहांतून सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, नॅप असे कितीतरी शब्द जुळतात. मूल आठवड्याभरात ‘वाचायला’ लागतं.

पण यूट्यूबवरचे फोनिक्सचे व्हिडिओ निवडताना कान टवकारा. बऱ्याच ठिकाणी ‘ब्’चा आवाज ‘बऽ’ आणि ‘ट्’चा ‘टऽ’ असा शिकवलाय. मग मूल ‘बऽ-अ‍ॅ-टऽ’ म्हणतं आणि बॅट काही जुळत नाही. तुम्हाला हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्या मुलांना पाय मोडलेलं अक्षर माहीत असतं. फोनिक्समध्ये सगळी व्यंजनं पाय मोडून म्हणायची, एवढं सांगितलं की झालं. ज्या व्हिडिओत पाय मोडलेला ऐकू येत नाही तो व्हिडिओ बाद.

खेळांच्या अ‍ॅपबद्दल थोडक्यात. प्रत्येक मुलाच्या हातात फोन लागतो असे खेळ तुमच्या कामाचे नाहीत. अपवाद प्लिकर्स. यात मुलांकडे फक्त छापलेलं कार्ड असतं, ते चार बाजूंनी फिरवून ए, बी, सी किंवा डी असं उत्तर द्यायचं, आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं काय उत्तर ते कळतं. महिन्यातून एकदा मजा म्हणून ठीक. नेटसाठी वर्ग पटांगणाच्या कोपऱ्यात न्यावा लागेल, तर न्या.

पालकांना घरी काय द्यायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण ती चार मुलं गेली म्हणजे तो प्रश्न आहेच. वाडीवर घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामावर, संध्याकाळी सात-आठला घरी. अशा घराला व्हिडिओची लिंक पाठवून उपयोग नाही. त्या आठवड्याच्या गोष्टीतली चार वाक्यं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. अर्ध्या मिनिटाच्या आवाजाला डेटा लागत नाही म्हटलं तरी चालेल. मूल ते ऐकून आईला म्हणून दाखवेल. आईला इंग्रजी येत नसलं तरी पोर इंग्रजी बोलतंय हे तिला ऐकू येतं, आणि शाळा बदलायची की नाही हे पुष्कळ घरांत त्यावरच ठरतं. जूनमध्ये पटनोंदणीला फिराल तेव्हा हे मनात ठेवा. मुलांचे फोटो-व्हिडिओ मात्र गावच्या सार्वजनिक ग्रुपवर टाकू नका, पालकांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आता तुमचे उच्चार. तुमची धास्ती खरी आहे, पण तिचा आकार लहान आहे. तुम्हाला सगळी इंग्रजी भाषा सुधारायची नाहीये, येत्या आठवड्याच्या गोष्टीतले पंधरा-वीस शब्द सुधारायचेत. केंब्रिजचा शब्दकोश नेटवर मोफत आहे, शब्दाशेजारी ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन स्पीकर असतात. रविवारी ते शब्द दोन-तीनदा ऐका, म्हणा, फोनवर स्वतःचा आवाज घेऊन पडताळा. काही शब्द आपल्याला स्पेलिंग फसवतं म्हणून चुकतात. ‘व्हेजिटेबल’ नव्हे ‘व्हेज्टबल’, ‘वेडनेसडे’ नव्हे ‘वेन्झडे’, आणि ‘वुमन’चं अनेकवचन ‘विमिन’. हे असे वीस-पंचवीस शब्दच असतात जे शाळेत रोज येतात, एकदा यादी केली की सुटलात. काही आवाज तर आपल्याकडे फुकट आहेत. ‘झू’, ‘झेब्रा’चा आवाज ‘मजा’तल्या ज-च्या अगदी जवळचा आहे, तो मुलांच्या जिभेवर आधीच बसलाय. खरी मेहनत लागते ती ‘व्हेट’ आणि ‘वेट’ यांत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात, दात कुठेच लागत नाहीत. आरसा घेऊन मुलांबरोबरच करा, हसत हसत जमतं.

मराठी वळणाचं इंग्रजी ऐकून मुलांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते बाई गप्प बसल्या आणि टीव्हीच बोलत राहिला की. ‘ओपन युवर बुक्स’, ‘हूज टर्न इज इट?’, ‘वेल डन’, ‘कम अँड शो मी’ अशी दहाएक वाक्यं रोज त्याच ठिकाणी त्याच वेळी बोला. महिन्याभरात मुलं ती एकमेकांना म्हणू लागतात, तुमच्याच सुरात.

स्वतःसाठी वाचायचं असेल तर टेस-इंडिया बघा. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने भारतातल्या शिक्षकांसाठी तयार केलेलं मोफत साहित्य आहे ते. प्राथमिक इंग्रजीसाठी वेगळे घटक आहेत, गाणी, गोष्ट सांगणं, पाठ्यपुस्तकाचा कल्पक वापर, परिसरातल्या साधनांतून इंग्रजी अशा विषयांवर. सोबतच्या चित्रफिती भारतातल्याच वर्गांच्या आहेत, दाटीवाटीने बसलेली मुलं, एक फळा, त्यामुळे ‘आमच्याकडे हे चालायचं नाही’ असं म्हणायला जागा उरत नाही. ब्रिटिश कौन्सिलचं टीचिंगइंग्लिश हेही चांगलं, पण ते इतकं मोठं आहे की हरवून जाल. हवी ती कृती शोधा, घ्या आणि बाहेर पडा. कानाला सवय म्हणून बीबीसीचं सहा मिनिटांचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ शाळेच्या वाटेवर ऐका, सगळं कळलं नाही तरी चालू द्या.

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून तुम्ही स्वतः काम करून घेऊ शकता. ‘मांजर, टेबल, वर, खाली एवढेच शब्द वापरून सहा ओळींची गोष्ट लिही’ असं मराठीतून सांगितलं तरी ते लिहून देतं. वाचून, तपासून मगच फळ्यावर घ्या, कधीकधी मधेच एखादा अवघड शब्द घुसवतं. मुलांच्या हातात मात्र देऊ नका, १३ वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाही हे कंपनीच्याच अटींत लिहिलंय.

ग्रुपवरच्या लिंकांचं काय करायचं तर शनिवारची शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं त्यांना द्या, बाकी आठवडा ग्रुप म्यूट. समितीच्या बैठकीत पॅकेजचा विषय निघाला की मुलांपैकी दोघांना छापलेलं पुस्तक घेऊन बोलवा, दुसरीतलं एक आणि चौथीतलं एक, आणि सगळ्यांसमोर वाचायला लावा. त्यासाठी आधी दोन-तीन आठवडे हाताशी हवेत, म्हणून बैठक महिनाअखेरीला ढकलता येते का ते मुख्याध्यापकांशी आजच बोला.